लुकबान : भिंतीवर टांगलेलं पीक

मित्रहो, फिलिपिन्समधल्या लुकबानचं नाव निघालं की रंगीबेरंगी घरांचे फोटो समोर येतात. दिवस 15 मे, सण 'पाहियास'. त्याला नुसती सजावट म्हटलं की गल्लत होते, कारण भिंतीवर टांगलेला असतो त्या घराचा वर्षभराचा हिशेब. भात पिकवणाऱ्याच्या दारावर लोंब्या, भाजी लावणाऱ्याकडे वांगी, शेंगा, चौचौ, टोप्या विणणाऱ्याच्या खिडकीत टोप्या आणि लोंगानिसा भरणाऱ्याच्या घरावर सॉसेजच्या माळा. घरात जे पिकतं किंवा हातानं घडतं, ते रस्त्यावर येतं.

गाव मनिलाच्या आग्नेयेला, केसोन प्रांतात, बानाहाव या ज्वालामुखीच्या उतारावर आहे. डोंगर दोन हजार मीटरहून उंच, माती कसदार, पाऊस भरपूर. 'लुकबान' म्हणजे आपलं पपनस. फ्रान्सिस्कन धर्मगुरू इथे 1578 साली आले. जुनं चर्च 1733 च्या आगीत गेलं आणि आज उभं आहे ते 1738 मध्ये पूर्ण झालं. चर्च संत लुईचं, पण पाहियास मात्र सान इसिद्रोचा. हा माद्रिदचा शेतमजूर. तो प्रार्थनेत असताना देवदूत त्याचा नांगर धरत, अशी कथा आहे. गोव्याशी याचा एक धागा जुळतो: 12 मार्च 1622 ला रोममध्ये इसिद्रोला संतपद मिळालं, आणि त्याच समारंभात फ्रान्सिस झेवियरलाही.

परंपरेनं सांगतात की पूर्वी शेतकरी आपलं पीक आशीर्वादासाठी चर्चच्या पायरीशी नेऊन ठेवत. पुढे तिथे मावेना, म्हणून प्रत्येकानं ते आपापल्या दारात मांडायचं आणि मिरवणुकीनं तिथून जायचं असं ठरलं. मिरवणुकीचा मार्ग दरवर्षी बदलतो, म्हणजे प्रत्येक आळीची पाळी येते. घर मार्गावर आलं की खर्चही अंगावर येतो.

आता किपिंग. पाहियासच्या भिंतींवरची ती गुलाबी, पिवळी, हिरवी पानं तांदळाची असतात. कोकणातल्या फेण्या डोळ्यांसमोर आणा, कृती लगेच कळेल. तांदूळ रात्रभर भिजवून बारीक वाटायचे आणि पीठ वाहतं ठेवून त्यात रंग घालायचा. 'काबाल' नावाच्या झाडाची पानं, किंवा कॉफी, कोको अशी रुंद, जाड पानं स्वच्छ पुसून घ्यायची. शिरांचा ठसा उठायला हवा, म्हणून पीठ शिरा उठून दिसणाऱ्या बाजूवर पसरतात आणि जास्तीचं निथळू देतात. मग वाफ द्यायची. पातळ थर असल्यानं काही मिनिटं पुरतात. पान पूर्ण निवेपर्यंत थांबायचं आणि मगच किपिंग सोलायचं. घाई केली तर ते चिकटतं आणि फाटतं. सोललेली पानं एकावर एक रचून वजनाखाली सपाट वाळवतात. कडक उन्हात टाकली तर कडा वळतात. थर जाड झाला तर वाळताना तडे जातात, फार पातळ झाला तर शिरांवरच भोकं पडतात. पानाची निवडही महत्त्वाची: फाटकं किंवा किडकं पान घेतलं तर तो दोष हुबेहूब किपिंगवर उतरतो.

हीच पानं बांबूच्या सांगाड्यावर ओवून 'आरांग्या' म्हणजे झुंबर करतात. नाव स्पॅनिश 'आरान्या'वरून आलं. खरा शत्रू पाऊस. मेच्या मध्यावर तिथे सरी सुरू होऊ शकतात आणि ओलं किपिंग लोंबून पडतं. म्हणून सगळी टांगाटांग शेवटच्या क्षणी, रात्रभर जागून चालते.

टोप्यांबद्दल थोडं. 'बुंताल' धागा बुरी ताडाच्या न उमललेल्या पानाच्या देठातून काढतात. लुकबानच्या विणकामाची ओळख त्याच्यावरच आहे. लोंगानिसा मात्र लसणाची: हातानं कापलेलं डुकराचं मांस, भरपूर लसूण, ओरेगॅनो, मीठ, व्हिनेगर. इतर प्रांतांत गोडसर लोंगानिसा चालते, इथली खारट-आंबट. 'पान्सित हाबहाब' या नूडल्स केळीच्या पानावर देतात. वर व्हिनेगर शिंपडायचं आणि पान तोंडाशी नेऊन खायचं. काटा नाही, चमचा नाही. पहिल्यांदा खाणाऱ्याचा शर्ट स्वच्छ राहत नाही, हे गृहीत धरा.

याच भक्तीचा दुसरा चेहराही लुकबाननं पाहिला. आपोलिनारिओ दे ला क्रूझ इथेच 1815 साली जन्मला. मनिलाला गेला, पण धर्मगुरूंच्या पंथात त्याला घेतलं नाही, कारण तो 'इंडिओ', म्हणजे स्थानिक वंशाचा. 1832 मध्ये त्यानं सान होसेची कोफ्रादिया, म्हणजे भक्तमंडळ, स्थापलं. लोक त्याला 'एर्मानो पुले' म्हणत. सभासद महिन्याच्या 19 तारखेला जमत, प्रार्थना करत आणि वर्गणी भरत. हे मंडळ स्थानिकांसाठीच होतं, आणि तेव्हाच्या स्पॅनिश सत्तेला ते बंड वाटलं. नोव्हेंबर 1841 मध्ये सैन्यानं तायाबास गावाजवळच्या आलितावला, मंडळाच्या तळावर, हल्ला केला. 4 नोव्हेंबरला पुलेला मृत्युदंड दिला, तेव्हा तो 26 वर्षांचा होता. प्रांताचं नावही तेव्हा तायाबासच होतं. 'केसोन' हे 1946 मध्ये, राष्ट्राध्यक्ष मान्वेल केसोन यांच्या स्मरणार्थ.

15 मेला आसपासची गावंही शांत नसतात. सारियायात 'आगावान' म्हणजे टांगलेल्या वस्तू झडप घालून मिळवण्याचा सण असतो, तायाबासमध्ये 'सुमान' या चिकट भाताच्या गुंडाळ्या गर्दीत फेकतात. लुकबानला संध्याकाळी, मिरवणूक गेल्यावर, घरांवरचा माल उतरवला जातो आणि भाज्या, फळं वाटली जातात. उरलेलं किपिंग तेलात तळतात किंवा निखाऱ्यावर भाजून व्हिनेगरबरोबर खातात. पण पावसात भिजलेलं वातड झालेलं असतं, ते कुणी घेत नाही.