रिपोर्ट नॉर्मल आहे, मग दमतेस कशी?

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय थकव्यावर. म्हणजे स्तनाच्या कॅन्सरची ट्रीटमेंट संपते, लाईट म्हणजे रेडिएशन घेऊन होतं, घरात पेढे वाटून होतात आणि तरी बाई दमलेलीच असते, तो थकवा. आणि तो रक्तात कुठं सापडतो का, ते. पण आधी आमच्या आक्काच्या कुरडया सांगते, त्या सांगितल्याशिवाय मला पुढचं बोलताच येत नाही.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, दिलीये कराडकडे. आधी ऑपरेशन, मग केमो, मग लाईटसाठी पुण्यात माझ्याकडे. 15 लाईट, सोमवार ते शुक्रवार, तीन आठवडे. पूर्वी सरसकट 25 असायचे, आता बऱ्याच जणींचं 15 मध्ये भागतं. मशिनखाली झोपायचं काही मिनिटं आणि रिक्षात दीड तास, पुण्याच्या ट्रॅफिकवर मी बोलत नाही, बोलले तर इथंच वेळ संपेल. पहिला आठवडा आक्का टकाटक, येऊन माझ्या चपात्या लाटायची. तिसऱ्या आठवड्यात जिन्याच्या मधल्या पायरीवर टेकायला लागली. डॉक्टरांनी सांगितलेलंच होतं, लाईट संपत येतात तसा थकवा वाढतो, मग काही आठवड्यांत उतरतो. बहुतेकींचा उतरतो. आक्काचा उतरला नाही.

एप्रिल आला, वाळवणं आली. आता कुरडईचा चीक काय असतो ते तुम्हाला मी काय सांगणार, गहू तीन दिवस भिजलेला, चीक एकदा चढला की हात थांबवायचा नाही, थांबला की गुठळी. त्या घरात चीक हाटायचा मान वीस वर्षं आक्काचा. पहाटे पाचला पातेलं चढलं, जावा सोऱ्या घेऊन गच्चीवर, जुन्या साड्या अंथरून तयार, आणि इकडं आक्काने निम्म्यात हाटणं सोडलं आणि चुलीसमोर फतकल मारून बसली. चक्कर नाही, रडणं नाही. नुसती बसली, लाटणं हातात तसंच, चीक टपाटपा ठिबकतोय. पाच किलो गव्हाच्या गुठळ्या झाल्या. सासूबाई काही बोलल्या नाहीत, आणि सासूबाईंचं काही न बोलणं कसं असतं तेही तुम्हाला माहितीये.

दाजी आतून फाईल घेऊन आले. दाजी रिटायर्ड तलाठी, माणसापेक्षा कागदावर विश्वास. म्हणाले, अगं गेल्याच आठवड्याचा रिपोर्ट आहे, हिमोग्लोबिन 12.2, पांढऱ्या पेशी नॉर्मल, थायरॉईड नॉर्मल, मग दमतेस कशी?

आक्का म्हणाली, "मग त्या कागदालाच सांगा चीक हाटायला."

वरती गच्चीत जावा हसल्या म्हणे. दाजी नाही हसले. त्यांनी फाईल मिटली आणि लाटणं हातात घेतलं, उपयोग काही झाला नाही, पण घेतलं.

तसे दाजी खोटं बोलत नव्हते. पण त्यांनी ज्या कागदाला विचारलं, त्याला हे उत्तर ठाऊकच नसतं. हिमोग्लोबिन, सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी, नॉर्मल असू शकतं आणि थकवा तरी खरा असू शकतो. परत सांगते, रिपोर्ट नॉर्मल, थकवा खरा, दोन्ही एकाच वेळी.

ताप यायच्या आधी कणकण येते, अंग मोडून येतं, अंथरूण सोडवत नाही, बरोबर? ते काम सायटोकाईन नावाच्या रसायनांचं, पांढऱ्या पेशी ती सोडतात आणि मेंदूला निरोप जातो, पडून रहा. काही जणींच्यात ट्रीटमेंट संपून वर्षं झाली तरी हा निरोप बारीक आवाजात चालूच राहतो असं दिसतंय. कोरोनात आपण सगळेच सीआरपी आणि आयएल-6 म्हणायला शिकलो, शरीरात दाह म्हणजे आतली सूज चालू असल्याच्या रक्तातल्या खुणा त्या, हा निरोपही त्याच घराण्यातला. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात ज्युलियन बावर आणि त्यांच्या मंडळींनी 2002 मध्ये बऱ्या झालेल्या 20 दमलेल्या आणि 20 न दमलेल्या बायकांचं रक्त शेजारी ठेवून बघितलं, तर दमलेल्यांच्यात दाहाच्या खुणा जास्त. 2009 मध्ये लाईट चालू असतानाच्या काळात बघितलं, तर सीआरपीचा चढउतार आणि थकव्याचा चढउतार एकमेकांशी जुळत होता. अटलांटाच्या एमरी विद्यापीठवाल्यांना असंही दिसलं की लाईटच्या आधी केमो झालेल्यांना हा त्रास जास्त. म्हणजे सगळं खापर लाईटवर फोडू नका.

पण म्हणून उद्या लॅबमध्ये जाऊन थकव्याची टेस्ट करा म्हणू नका, अशी टेस्ट नाहीये. दात दुखला तरी सीआरपी चढतं, वजन जास्त असलं तरी चढलेलं असतं. दहा-वीस जणींच्या सरासरीत जे दिसतं ते एकटीच्या रिपोर्टवरून सांगता येत नाही. हल्ली लोक वाढदिवसाला बॉडी चेकअपचं पॅकेज गिफ्ट देतात, मला तर तो प्रकार कळतच नाही, त्यापेक्षा साडी द्या. डॉक्टरांकडे मात्र जायचंच. हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी-12, झोप, मन उदास आहे का, हे बघून घ्यायचं, कारण मानेजवळ लाईट दिलेली असली तर थायरॉईड पुढं मंदावू शकतं.

आणि गंमत ऐका. त्याच बावरबाईंनी अशाच दमलेल्या 31 जणी घेतल्या, निम्म्यांना बारा आठवडे, आठवड्यातून दोनदा अय्यंगार पद्धतीचा योग दिला. अय्यंगार म्हणजे आपल्या पुण्यातलेच, मॉडेल कॉलनीतली संस्था. दोऱ्या, खुर्ची, लोड घेऊन आसनं. बाकीच्यांना नुसते आरोग्याचे वर्ग. 2012 मध्ये छापून आलं, योगवाल्यांचा थकवा कमी झाला, आणि 2014 मध्ये त्यांच्या रक्तातही दाहाचा जोर कमी दिसला. छोटा अभ्यास आहे, पण नुसतं पडून राहण्यापेक्षा थोडं थोडं हलणं बरं, हे व्यायामाच्या इतर अभ्यासांतही दिसलंय. थोडं थोडं हं, एकदम डोंगर नाही.

आक्का आता रोज मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन येते, आधी अर्ध्यातून परतायची. यंदा दोनच किलोच्या कुरडया. चीक दाजींनी हाटला, आक्का स्टुलावर बसून सांगत होती, डावीकडून, डावीकडून. माझ्या वाटच्या डबाभर आल्यात. तळल्या की मध्येच कुठंतरी एक गुठळी दाताखाली येते.