यादीतले तीन कावळे

गळ्यात दुर्बीण, हातात मोबाइल. पाणथळीच्या काठावर यादी सुरू झाली की वेळ आणि ठिकाण आपोआप नोंदलं जातं. मग एकेक पक्षी. शेकाट्या, 14. तुतवार, 2. कावळे, 3.

पूर्वी ही यादी वहीत उतरायची आणि बहुधा वहीतच राहायची. दुर्मीळ पक्षी दिसला तरच फोनाफोनी व्हायची, नाहीतर एखाद्या वार्तापत्राला टिपण जायचं. ते छापून येईस्तोवर पाहुणा केव्हाच उडून गेलेला असे.

2002 साली अमेरिकेतली कॉर्नेलची पक्षिविज्ञान प्रयोगशाळा आणि ऑडुबॉन सोसायटी ही पक्षिसंरक्षण संस्था यांनी ई-बर्ड हे पक्षीनोंदींचं संकेतस्थळ सुरू केलं. आज जगात कुठूनही त्यावर यादी टाकता येते, आणि दुर्मीळ पक्ष्याची खबर झटपट पसरते. मला मात्र त्या खबरीपेक्षा हे तीन कावळे मोलाचे वाटतात.

कारण यादी संपवताना ई-बर्डचं अ‍ॅप विचारतं: ओळखता आलेले सगळे पक्षी नोंदवलेत ना? ‘हो’ म्हटलं, की काय दिसलं नाही तेही कळतं. अशा याद्या वर्षानुवर्षं साठत गेल्या, की नेहमीचा एखादा पक्षी हळूहळू कमी होतोय हे ध्यानात येतं. नुसत्या दुर्मीळ पक्ष्यांच्या नोंदींतून ते कधीच कळलं नसतं. आकडा किंवा पक्षी वेगळा वाटला, तर त्या भागातले जाणकार स्वयंसेवक फोटो किंवा आवाजाचं रेकॉर्डिंग मागतात. मर्लिन नावाचं पक्षी ओळखायचं अ‍ॅप आवाजावरून नाव सुचवतं, पण खात्री आपणच करायची.

काळजी वाटते ती घरट्यांची. घुबडाच्या ढोलीचा फोटो, सोबत नकाशावरची खूण, आणि मेसेज पुढे पुढे जात राहतो. थोड्याच वेळात झाडाखाली कॅमेऱ्यांची गर्दी. माणसं हटेपर्यंत आई-बाप पिल्लांजवळ यायला कचरतात, आणि तोवर पिल्लं उपाशी. ई-बर्डवर संवेदनशील प्रजातींची नेमकी जागा सर्वांना दिसत नाही, नकाशावर फक्त 20 किलोमीटर बाजूचा चौकोन दिसतो. मोबाइलच्या ग्रुपवर असा आडपडदा नसतो. तिथे जागा सांगायची की नाही, हे पाठवणाऱ्याच्याच हातात. पिल्लं उडून जाईपर्यंत ती सांगू नये. नोंद नंतर टाकली तरी काही बिघडत नाही, तिच्यावर तारीख पक्षी पाहिल्याचीच राहते.