ढगांतून आलेली तलवार

पडद्यावरचं हे चांदीचं नाणं नीट बघा. मधोमध राजमुकुट आहे. त्यावर झडप घालायला एक हात पुढे आलाय, आणि ढगांतून उतरलेल्या तलवारीनं तो छाटून टाकलाय. खडकावर कोरलंय 'एबेन-एझर'. बायबलमधल्या शमुवेलानं, देवानं साहाय्य केलं म्हणून उभारलेल्या दगडाचं हे नाव. तारीखही आहे, 11 फेब्रुवारी 1659.

नाणं डेन्मार्कचं, राजा तिसरा फ्रेडरिक. छाटलेला हात कुणाचा, हे तेव्हा कोपनहेगनमध्ये कुणाला सांगावं लागलं नसणार. स्वीडनचा राजा, दहावा कार्ल गुस्ताव.

1658च्या हिवाळ्यात समुद्र गोठला आणि या कार्लनं घोडे, माणसं, सैन्य बर्फावरून चालवत डेन्मार्कच्या बेटांवर आणलं. रोस्किल्डच्या तहात फ्रेडरिकनं स्कोने, हालांद, ब्लेकिंगे असे मोठे प्रांत गमावले. तेवढ्यानंही कार्लचं समाधान झालं नाही. ऑगस्टमध्ये तो परत आला, या वेळी थेट राजधानीवर. फ्रेडरिकला पळून जाण्याचा सल्ला मिळाला. "मी माझ्या घरट्यातच मरेन," असं तो म्हणाला, अशी आठवण डॅनिश लोक आजही सांगतात. वेढा महिनोन्‌महिने चालला. डच आरमारानं सामुद्रधुनीतली स्वीडिश नाकेबंदी फोडून मदत आणली, तेव्हा शहरात जीव आला.

फेब्रुवारीत निर्णायक हल्ला झाला, तोही मध्यरात्री. बर्फात दिसू नये म्हणून स्वीडिश शिपायांनी अंगावर पांढरे सदरे चढवले होते. तटावर सैनिकांच्या जोडीला शहरातले व्यापारी, कारागीर, विद्यार्थी उभे होते. खंदक गोठू नये म्हणून त्यातला बर्फ ते सतत फोडत होते. हल्ला फसला, आणि त्याच वर्षी टांकसाळीतून हे नाणं बाहेर पडलं: एक क्रोन, म्हणजे चार मार्क. राज्याचा मोठा भाग गमावलेल्या राजानं केलेली ही फुशारकीच, पण काय देखणी फुशारकी! दुसऱ्या बाजूला त्याचं ब्रीदही आहे, 'देव तरतूद करील'.

अशा नाण्यांमागे आयुष्य लावणारी माणसं असतात. घेण्याआधी ती भिंग लावून कडा तपासतात. जुन्या मोठ्या चांदीच्या नाण्यांना अनेकदा कडी डाकून दागिना केलेला असतो. डाकाची खूण सापडली की किंमत घसरलीच.

यातला सगळ्यात हट्टी संग्राहक म्हणजे लार्स एमिल ब्रून. लोण्याच्या धंद्यात श्रीमंत झालेल्या या डॅनिश गृहस्थानं डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडनची मिळून सुमारे 20,000 नाणी, पदकं आणि नोटा जमवल्या. पहिल्या महायुद्धातला विध्वंस बघून त्याला धास्ती बसली, की उद्या डेन्मार्कच्या राष्ट्रीय नाणेसंग्रहावरच बॉम्ब पडला तर? म्हणून त्यानं मृत्युपत्रात लिहिलं, माझा संग्रह राखीव म्हणून 100 वर्षं तसाच ठेवा. राष्ट्रीय संग्रह शाबूत राहिला, तर मग विका आणि पैसे वंशजांना द्या.

1923मध्ये ब्रून गेला. दुसरं महायुद्ध येऊन गेलं, राष्ट्रीय संग्रह सुरक्षित राहिला. शतक संपलं तेव्हा पहिली निवड डेन्मार्कच्या राष्ट्रीय संग्रहालयानं केली. त्यांनी सात नाणी घेतली, सहा सोन्याची आणि एक चांदीचं. बाकीच्यांचा लिलाव 14 सप्टेंबर 2024ला कोपनहेगनमध्ये सुरू झाला. पहिल्या फेरीत 286 वस्तूंना जवळपास दीड कोटी युरो आले. सगळा संग्रह विकून होईपर्यंत अशा आणखी बऱ्याच फेऱ्या लागणार होत्या.