परतीची तारीख

श्रोतेहो, नमस्कार.

तालुक्याच्या गावी एका सार्वजनिक वाचनालयात देवघेवीच्या टेबलापाशी मी गेली अनेक वर्षं बसते. हल्ली बरेच जण विचारतात, "ताई, वाचन वाढवायचंय. पुस्तकं घेऊ की किंडल?" मी उलट विचारते, "तुम्ही वाचता कधी?" बहुतेकांना पटकन सांगता येत नाही. खरी अडचण तिथंच आहे.

वाचायला वेळ मिळतो तो तुकड्यातुकड्यांनी. एसटीची वाट पाहताना, दवाखान्यात नंबर लागेपर्यंत, रात्री दिवा मालवण्याआधी. त्या दहा मिनिटांत हाताशी जे असेल तेच आपण उघडतो, आणि हाताशी असतो मोबाईल. त्यावर पुस्तक असलं तरी दुसऱ्या पानावर कुणाचा तरी निरोप येऊन टपकतो. म्हणून मोबाईल आणि ई-रीडर, म्हणजे किंडलसारखं खास पुस्तकं वाचायचं यंत्र, यांना मी एका पंक्तीला बसवत नाही. ई-रीडरच्या पडद्यात काळ्या-पांढऱ्या कणांच्या अतिसूक्ष्म कुप्या असतात. कण हलले की अक्षर उमटतं आणि तसंच राहतं. वीज खर्च होते ती मुख्यतः पान उलटताना, त्यामुळे एकदा चार्ज केला की आठवडेच्या आठवडे चालतो. उन्हातही अक्षर स्वच्छ दिसतं. आणि वाचण्यावाचून त्यावर करण्यासारखं फारसं काही नसतं, हा मला त्याचा सगळ्यात मोठा गुण वाटतो.

मग कागद कशाला? स्पेन आणि इस्रायलमधल्या संशोधकांनी २०१८ साली ५४ अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र तपासले. माहितीपर मजकूर कागदावर वाचणाऱ्यांना जास्त समजला होता, वेळेचं बंधन असताना तर आणखीच. नुसत्या गोष्टी वाचताना मात्र फरक आढळला नाही. म्हणून स्पर्धा परीक्षेच्या मुलांना मी छापील पुस्तकच देते. कादंबरी कशावरही वाचा.

मराठी वाचकाची आणखी एक अडचण आहे. किंडलवर मराठी पुस्तकं आली डिसेंबर २०१६ मध्ये. त्याआधीची आपली कितीतरी पुस्तकं युनिकोड, म्हणजे सगळ्या यंत्रांना कळणारी अक्षरांची सामाईक पद्धत, नसलेल्या फाँटांत जुळवलेली. त्यांचं ई-पुस्तक करायचं तर मजकूर बदलून घ्यावा लागतो, जोडाक्षरं फुटतात, पुन्हा मुद्रितं तपासावी लागतात. त्याहून जुनी पुस्तकं मिळालीच तर स्कॅन केलेली, म्हणजे पानाचा नुसता फोटो. अक्षर मोठं करावं तर ओळ पडद्याबाहेर जाते.

हे मला शिकवलं आमच्या एका जुन्या सभासदांनी. निवृत्त शिक्षक. नजर अधू झाली आणि त्यांचं येणं थांबलं. मुलानं ई-रीडर आणून दिला, अक्षर केलं बोराएवढं, आणि सर पुन्हा वाचू लागले. मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! पण पुढं त्यांना एक जुनं प्रवासवर्णन हवं झालं. ई-पुस्तक नव्हतं, स्कॅन मिळालं, ते वाचता येईना. आमच्या कपाटात एक प्रत होती, पिवळी पडलेली, बांधणी सैल झालेली. ती नेली त्यांच्या नातीनं. रोज संध्याकाळी ती आजोबांना दहा पानं वाचून दाखवू लागली. पहिल्या आठवड्यात अडखळायची, असं सर सांगतात.

आमच्याकडे पुस्तकाच्या शेवटच्या पानावर चिठ्ठी असते, तिच्यावर परतीची तारीख. त्या तारखेनं माणसं वाचतात, हे मी रोज बघते. यंत्रात साठवलेल्या पुस्तकांना अशी तारीख नसते. ती राहतात तशीच. तुमच्याकडे ई-रीडर असेल तर एका वेळी एकच पुस्तक उघडा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्याची तारीख लिहून ठेवा.

सरांची नात परवा आली होती, तारीख वाढवून घ्यायला. तिसऱ्यांदा. नियम दोनदाच वाढवण्याचा आहे. मी शिक्का मारला. त्यांची साठ पानं उरली आहेत.

नमस्कार.