करूळ घाटाखालचा निळा धूर

गगनबावडा सोडून करूळ घाट उतरायला लागलं की गाडी शहाण्यासारखी चालते. दुसरा गिअर, ॲक्सिलरेटरवरून पाय काढलेला. घाट संपतो, वैभववाडीकडचा सपाट रस्ता लागतो, पाय पुन्हा ॲक्सिलरेटरवर पडतो आणि आरशातला मागचा रस्ता दिसेनासा होतो. निळा धूर. थोडं पुढं गेलं की सगळं परत साफ.

ही १९९८ सालची मारुती ८००. कार्बोरेटरवाली, ७९६ सीसी, तीन सिलिंडर. वडिलांनी घेतलेली, आता माझ्याकडे आहे. जिथं उभी राहते तिथं खाली ऑइलचा डाग पडतो. एका गॅरेजात नुसता धूर बघूनच सांगितलं गेलं, ‘रिंगा गेल्या, फुल इंजिन करावं लागेल.’ रिंगा म्हणजे पिस्टनभोवतीच्या कड्या, ऑइल वर येऊ न देणाऱ्या. खर्च सांगितला तो गाडी विकून येतील त्याहून जास्त. साधा प्लगसुद्धा काढून बघितला नव्हता. हे मला आजही खटकतं.

धुराचा रंग बघायचाच, पण तो कधी येतो हेही बघायचं. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय: चोक अडकलाय किंवा एअर फिल्टर तुंबलाय. दाट पांढरा, इंजिन तापलं तरी न थांबणारा, आणि रेडिएटरचं पाणीही कमी होतंय, तर संशय हेड गॅस्केटवर, म्हणजे इंजिनचा वरचा भाग (हेड) आणि खालचा भाग यांमधल्या पॅकिंगवर. थंडीतल्या सकाळी सायलेन्सरमधून वाफ येते ती वेगळी, ती लगेच विरते. निळा म्हणजे ऑइल जळतंय.

ऑइल कुठून शिरतंय, याचं उत्तर घाटानंच दिलं होतं. उतारावर थ्रॉटल (ॲक्सिलरेटरनं उघडणारी हवेची झडप) बंद असतो आणि चाकं इंजिनला फिरवत असतात. अशा वेळी इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरकडे हवा-पेट्रोल नेणाऱ्या नळ्यांमध्ये, जबर ओढ तयार होते. सिलिंडरची वाट उघडझाक करणाऱ्या व्हॉल्व्हच्या दांड्यावर रबराचं छोटं सील असतं. वर्षानुवर्षांच्या उष्णतेनं ते कडक झालं की ही ओढ ऑइल खाली खेचते. ते साचत राहतं आणि पाय दाबला की एकदम जळतं. रिंगा झिजल्या असत्या तर धूर चढावर, लोड पडल्यावर निघत राहिला असता.

तरी अंदाजावर इंजिन उघडायचं नाही. कोल्हापुरातल्या एका जुन्या मिस्त्रीमामांनी गरम इंजिनचे तिन्ही प्लग काढले, कॉइलची वायर सोडवली, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायला सांगितला आणि सिलिंडरमधला दाब मोजणारं कॉम्प्रेशन गेज लावलं. तिन्ही सिलिंडर जवळजवळ सारखे आणि चांगले भरले. एखादा कमी भरला असता, तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजायचं. आकडा चढला तर दोष रिंगांचा, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटचा.

“हेड तेवढं उतरूया. खाली हात लावायचं काम न्हाई,” मामा म्हणाले.

गळतीचा शोध त्याआधीच सुरू झाला होता, तोही फुकटात. टॅपेट कव्हरपासून, म्हणजे इंजिनच्या सगळ्यात वरच्या झाकणापासून, एअर फिल्टरकडे जाणारी ब्रीदरची नळी काढली, तर आत काळा चिखल. ही वाट तुंबली की इंजिनमधला दाब जिथून फट मिळेल तिथून ऑइल बाहेर ढकलतो. नळी रॉकेलनं धुतली. इंजिन ब्रश मारून डिझेलनं स्वच्छ केलं, पुसून कोरडं केलं आणि वर अंगाची पावडर भुरभुरली. गाडी फिरवून आणली. पांढऱ्या पावडरीवर ओली रेघ उमटली. खालून बघताना गळती खालच्या ऑइल चेंबरची वाटत होती, पण रेघ सुरू होत होती टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून. ऑइल वरून खाली वाहतं आणि वाऱ्यानं मागं सरकतं, म्हणून सगळ्यात वरची ओली जागा शोधायची.

त्या कोपऱ्यातलं रबरी पॅकिंग मी हातात घेतलं. वाकवलं, तर कट्‌कन मोडलं.

हेड उतरलं. बोअरवर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर, नखाला लागेल असा ओरखडा नव्हता. शिवाजी उद्यमनगरात हेडचं फेसिंग, म्हणजे खालची बाजू घासून सपाट, करून घेतलं. मामांनी पेस्ट लावून एकेक व्हॉल्व्ह घासून बसवला, मग पोर्टमध्ये, म्हणजे व्हॉल्व्हमागच्या वाटेत, रॉकेल ओतून हेड ठेवून दिलं. चहा पिऊन झाला तरी व्हॉल्व्ह टेकतो त्या एकाही सीटमधून रॉकेल पाझरलं नव्हतं. सहा नवी व्हॉल्व्ह सील, नवं हेड गॅस्केट, टॅपेट पॅकिंग. टायमिंग बेल्ट निघालाच होता, म्हणून तोही नवा, आणि त्याच्यामागची सीलही. गळकं सील नव्या बेल्टला ऑइल पाजतं. पिस्टन, रिंगा, क्रँक (पिस्टननं फिरणारा मुख्य दांडा), बेअरिंग जागच्या जागी राहिले. गॅरेजनं सांगितलेल्या रकमेच्या चौथ्या हिश्शात काम झालं.

परवा पुन्हा करूळ उतरलो. घाटाखाली पाय दाबला. आरशात रस्ता होता, मागून येणारी एसटी होती.

रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरला होता. सकाळी त्यावर एकच थेंब, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडाखाली. ते क्रँकचं मागचं सील. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. क्लच अजून वर्षभर तरी जाईल. तो बदलताना गिअरबॉक्स निघणारच आहे, तेव्हा सीलही बदलू. तोपर्यंत दर रविवारी सकाळी, थंड इंजिनवर, ऑइलची पट्टी काढून बघतो.