बर्फाचा तळ आणि संगणकातली जाळी

नमस्कार श्रोतेहो,

या शतकाच्या अखेरीस समुद्र किती चढेल, असं विचारलं की उत्तर एका आकड्यात मिळत नाही. ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ असं मिळतं, आणि ऐकणाऱ्याला वाटतं, यांना नक्की काही ठाऊक नाही. आज मी बोलणार आहे ते या दोन ‘इतक्यां’मधल्या अंतराबद्दल. त्यातला मोठा भाग ध्रुवांवरच्या हिमचादरींमुळे, आणि त्यातही अंटार्क्टिकामुळे येतो.

आधी आवाका सांगतो. ग्रीनलँडवरचा सगळा बर्फ वितळला तर जगभरचा समुद्र सरासरी ७.४ मीटरच्या आसपास चढेल. अंटार्क्टिकाचा सगळा गेला तर सुमारे ५८ मीटर. एवढं सगळं व्हायला शतकं नव्हे, हजारो वर्षं लागतील. पण दोन्ही मिळून शंभरातला एक भाग जरी समुद्रात गेला, तरी अर्ध्या मीटरहून जास्त भर पडते.

आता, बर्फ घट्ट दिसत असला तरी वाहतो. हजारो वर्षं साचलेलं हिम स्वतःच्याच वजनाने दबतं आणि कडेकडे, समुद्राकडे रेटलं जातं. १९५० च्या दशकात केंब्रिजमध्ये जॉन ग्लेन यांनी हे प्रयोगशाळेत मोजलं. बर्फाच्या ठोकळ्यावर भार ठेवायचा आणि तो किती वेगाने दबतो ते पाहत बसायचं, असा तो चिकाटीचा प्रयोग. निघालं असं, की भार दुप्पट केला तर बर्फ दुप्पट नव्हे, जवळपास आठपट वेगाने आकार बदलतो. बर्फाचं वाहणं संगणकात मांडणारी आजची मॉडेलं या ना त्या रूपात याच नियमावर चालतात.

मग अडतं कुठे? तळाशी.

वर दोन-तीन किलोमीटर बर्फ आणि खाली काय? ओला चिखल असेल तर बर्फ घसरत जातो. खडबडीत खडकाला गोठून चिकटलेला असेल तर तळ हलतच नाही. मॉडेल मात्र हिमचादरीवर चौकोनांची जाळी टाकतं, आणि त्याला प्रत्येक चौकोनात तळाच्या घर्षणाचा एक आकडा लागतोच. तो काढायला उलटा हिशेब करतात. बर्फाच्या पृष्ठभागाचा वेग उपग्रहांनी मोजलेला असतो. मॉडेलचा वेग त्याच्याशी जुळेपर्यंत तळाचं घर्षण कमी-जास्त करत राहायचं, आणि जुळला की म्हणायचं, घर्षण इतकं असणार. युक्ती सुरेख आहे. मेख एवढीच, की मिळालेला आकडा आजचा असतो. पन्नास वर्षांनी बर्फ पातळ झाल्यावर तो किती बदलेल, हे त्यातून निघत नाही. म्हणून ‘आमचं मॉडेल आजच्या वेगाशी तंतोतंत जुळतं’ असं कुणी म्हटलं, तर मला त्याचं फारसं अप्रूप वाटत नाही. जुळवलंय म्हणून जुळतंय.

तळाची खोली शोधण्याची तऱ्हाही ऐकण्यासारखी आहे. विमानातून रडारच्या लहरी सोडतात. त्या बर्फातून जाऊन जमिनीवर आपटून परत येतात. पण विमान जातं एका रेषेत. दोन रेषांच्या मधे मोजमाप नाही. तिथे गणित कामाला लावतात: वरून किती बर्फ आला, तो किती वेगाने पुढे सरकतोय, मग तो मावायला किती जाडी हवी? मॅथ्यू मॉर्लिघम आणि सहकाऱ्यांनी याच रीतीने केलेला अंटार्क्टिकाचा नकाशा २०१९ मध्ये आला. पूर्व अंटार्क्टिकातल्या डेनमन हिमनदीखाली समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतीन किलोमीटर खोल दरी असल्याचं त्यात दिसलं. आधीच्या नकाशांत ती एवढी खोल नव्हतीच. म्हणजे त्या नकाशांवर चालवलेल्या मॉडेलांना तिचा पत्ताच नव्हता.

आता खरी कळीची जागा. हिमनदी समुद्राला मिळते तिथे बर्फ काही अंतर तळाला टेकून असतो, आणि मग उचलला जाऊन पाण्यावर तरंगू लागतो. जिथे तो जमीन सोडतो त्या रेषेला संशोधक ग्राउंडिंग लाइन म्हणतात. तिच्या पुढची तरंगती लादी वितळल्याने समुद्राची पातळी जवळपास वाढत नाही, कारण तिचं वजन पाण्याने आधीच पेललेलं असतं. तिचं काम वेगळं आहे. ती दाराला लावलेला अडसर आहे. अंटार्क्टिक द्वीपकल्पावरची लार्सन बी ही लादी २००२ मध्ये काही आठवड्यांत फुटली. सव्वातीन हजार चौरस किलोमीटरच्या आसपास बर्फ विखुरला. त्यानंतर मागच्या हिमनद्यांनी वेग घेतला. तेव्हाच्या मॉडेलांना ही घाई दाखवता येत नव्हती. म्हणून आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीने २००७ च्या अहवालात शतकाअखेर समुद्र १८ ते ५९ सेंटिमीटर चढेल असा अंदाज दिला, आणि बर्फाच्या वेगात पुढे होणारे झपाट्याचे बदल यात धरलेले नाहीत असं सोबत लिहिलं. आकडा गाजला, ही ओळ फार थोड्यांनी वाचली.

पश्चिम अंटार्क्टिकात अडचण दुहेरी आहे. तिथे बराच तळ समुद्रसपाटीखाली आहे आणि आत जावं तसा तो आणखी खोल होतो. रेषा मागे सरकली की तिथला बर्फ आधीपेक्षा जाड. जोहानेस वीर्टमन यांनी १९७४ मध्येच या धोक्याकडे बोट दाखवलं होतं. ख्रिश्चन शूफ यांनी २००७ मध्ये त्याचं गणित पक्कं केलं: या रेषेवरून बाहेर पडणारा बर्फ जाडीच्या जवळपास पाचव्या घाताने वाढतो. जाडी दुप्पट झाली तर बाहेर जाणारा बर्फ पंचवीसपटीहून जास्त. मात्र हे अडसर नसताना. अडसर शाबूत असेल तर रेषा अशा उतारावरही थांबू शकते.

आणि संगणकात ही रेषा धरून ठेवणं महाकठीण. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत अनेक मॉडेलांना एक साधी परीक्षा दिली होती. सरळ उताराचा काल्पनिक तळ घ्यायचा, बर्फ पायरीपायरीने कडक करत न्यायचा, मग तसाच पुन्हा मऊ करायचा. रेषा पुढे जाऊन मूळ जागी परत आली पाहिजे. पण ज्यांच्या जाळीचे चौकोन मोठे, त्यांच्यापैकी बऱ्याच मॉडेलांत ती परतलीच नाही. भलतीकडेच अडकून बसली. निसर्गाचा काही दोष नव्हता, चौकोन मोठे होते एवढंच. तेव्हापासून या रेषेजवळ एक किलोमीटर किंवा त्याहून बारीक जाळी विणतात, आणि काही मॉडेलं रेषा हलेल तशी आपली जाळीही हलवतात. अख्ख्या खंडावर एवढी बारीक जाळी मात्र संगणकाला झेपत नाही.

२०१६ मध्ये रॉबर्ट डीकाँटो आणि डेव्हिड पोलार्ड यांनी खळबळ उडवली. तरंगती लादी गेल्यावर उघडे पडणारे बर्फाचे उंच कडे स्वतःच्या वजनाने कोसळत जातील, आणि हरितवायूंचं उत्सर्जन असंच वाढलं तर एकटा अंटार्क्टिका २१०० पर्यंत समुद्र मीटरभराहून जास्त चढवू शकेल, असं त्यांचं मॉडेल सांगत होतं. बातम्यांना मथळा मिळाला. मॉडेल करणाऱ्यांना त्याहून चांगली गोष्ट मिळाली, ती म्हणजे तपासता येईल असा दावा. मॉर्लिघम यांच्या गटाने तीन मॉडेलांत पश्चिम अंटार्क्टिकातल्या थ्वेट्स हिमनदीची तरंगती लादी एकदम काढून टाकली आणि कडे कोसळत सुटतात का ते पाहिलं. २०२४ मध्ये त्यांनी लिहिलं, की या शतकात तरी तसं होताना दिसत नाही. थ्वेट्स मागे हटतेच आहे, फक्त त्या वाटेने नाही. माझ्या मते पहिल्या गटाने विचारलेला प्रश्न इतका नेमका होता, म्हणूनच दुसऱ्याला इतकं नेमकं उत्तर देता आलं.

आता त्या ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’कडे येतो. २०२१ च्या आयपीसीसी अहवालानुसार २१०० पर्यंतची वाढ, उत्सर्जन अगदी कमी ठेवलं तर ०.२८ ते ०.५५ मीटर, आणि फार जास्त राहिलं तर ०.६३ ते १.०१ मीटर. शिवाय, शक्यता कमी असली तरी दोन मीटरच्या जवळपास जाणारी वाढ नाकारता येत नाही, असंही त्यात म्हटलंय. २००७ मध्ये जे टिपेत ढकललं होतं, त्याला आता आकडा आहे.

२३०० सालापर्यंत पाहिलं तर कमी उत्सर्जनाचा पट्टा ०.३ ते ३.१ मीटर, जास्त उत्सर्जनाचा १.७ ते ६.८ मीटर, आणि कडे कोसळण्याची क्रिया धरली तर १६ मीटरपर्यंत. १.७ ते ३.१ हा भाग दोन्ही पट्ट्यांत येतो. किती उत्सर्जन करायचं हे माणसांच्या हातात आहे. पण एकाच वाटेवरचा पट्टा एवढा रुंद का, याचं बरंचसं उत्तर त्या न मोजलेल्या तळात आणि त्या एका सरकत्या रेषेत आहे. तो अरुंद करण्यासाठी रडार लावलेली विमानं अजून अंटार्क्टिकावर फेऱ्या मारताहेत, दोन जुन्या रेषांच्या मधून.

नमस्कार.