बर्म्याची तूर

(दृश्य: वाशीम जिल्ह्यातली एक बाजार समिती. सकाळ. ओट्यावर तुरीचे ढीग.)

संक्रांत सरली की पश्चिम विदर्भातल्या बाजार समित्यांमध्ये तुरीची आवक वाढते. वाशीम, यवतमाळ, अकोला, अमरावती, सगळीकडे हेच चित्र. कपाशीत नाहीतर सोयाबीनमध्ये धरलेली तुरीची तासं मृगापासून शेतात उभी असतात. मर लागली नाही, फुलोऱ्यावर धुवारी पडली नाही, अळीनं शेंगा पोखरल्या नाहीत, तर थ्रेशरमधून निघालेला माल कट्ट्यांत भरून इथं येतो. हर्रास सुरू होतो. व्यापारी ढिगात कोपरापर्यंत हात घालतो, आतली मूठ बाहेर काढून तळहातावर पसरतो, एक दाणा दाताखाली फोडून ओल बघतो आणि बोली लावतो. सहा-सात महिन्यांच्या मेहनतीचा भाव काही मिनिटांत ठरतो.

या बोलीवर मुंबईच्या बंदरात उतरणाऱ्या मालाची सावली असते. म्यानमारहून येणाऱ्या तुरीला व्यापारी ‘लेमन’ म्हणतात, शेतकरी ‘बर्म्याची तूर’. तिचा दर उतरला की इथला खरेदीदारही हात आखडतो.

१ फेब्रुवारी २०२१ रोजी, इथं हंगाम भरात असताना, त्या देशात लष्करानं निवडून आलेलं सरकार उलथवलं.

(दृश्य: म्यानमारचा नकाशा. राजधानी नेपिडो.)

नोव्हेंबर २०२०च्या निवडणुकीत आँग सान स्यू की यांच्या पक्षानं ४७६पैकी ३९६ जागा जिंकल्या होत्या. नवी संसद ज्या दिवशी भरायची होती, त्याच दिवशी पहाटे स्यू की आणि राष्ट्राध्यक्ष विन मिंट यांना पकडलं गेलं. सत्ता सेनाप्रमुख मिन आँग हलाईंग यांच्या हाती गेली. लोक रस्त्यावर उतरले, आणि त्यांच्यावर गोळ्या चालल्या.

जगानं काय केलं? अमेरिका, ब्रिटन आणि युरोपीय संघानं सेनाधिकाऱ्यांवर आणि लष्कराच्या कंपन्यांवर निर्बंध घातले. आग्नेय आशियातल्या देशांची संघटना म्हणजे आसियान; शेजारच्या या देशांनी एप्रिलमध्ये जकार्तात खुद्द हलाईंग यांना समोर बसवून पाच कलमांवर सहमती केली. पहिलं कलम होतं, हिंसा ताबडतोब थांबवा. ती थांबली नाही. ऑक्टोबरच्या शिखर परिषदेला मग आसियाननं त्यांना बोलावलंच नाही. एकमेकांच्या कारभारात तोंड घालायचं नाही, हा ज्या संघटनेचा बाणा, तिच्यासाठी हेही मोठंच पाऊल होतं.

पण या सगळ्यात एका माणसाचं धैर्य वेगळं काढून सांगायला हवं. क्यो मो तुन, संयुक्त राष्ट्रांमधले म्यानमारचे राजदूत. २६ फेब्रुवारीला आमसभेत ते आपल्याच देशाच्या लष्कराविरुद्ध बोलले. लष्कराला रोखण्यासाठी शक्य ते सगळं करा, अशी त्यांनी जगाला विनंती केली. बोलताना आवाज दाटून आला होता. शेवटी त्यांनी तीन बोटं वर केली, तिथल्या आंदोलकांची खूण. दुसऱ्याच दिवशी लष्करानं त्यांना बडतर्फ केलं. पण संयुक्त राष्ट्रांनी लष्कराचा माणूस त्यांच्या जागी स्वीकारला नाही.

१८ जून २०२१ रोजी त्याच आमसभेत ठराव आला. त्यात लष्कराचा निषेध होता आणि म्यानमारकडे जाणारी शस्त्रं रोखण्याचं आवाहन होतं. बाजूनं ११९ देश, विरोधात एकटा बेलारूस, तटस्थ ३६. त्या ३६ मध्ये चीन होता, रशिया होता आणि भारतही होता. शेजारी देशांशी पुरेशी सल्लामसलत न करता ठराव घाईनं आणला, असं कारण भारतानं दिलं.

भारताची अडचण खोटी नाही. १६४३ किलोमीटरची सीमा, पलीकडच्या जंगलात दडणारे ईशान्येतले बंडखोर, आणि आपण मागे सरलो की पुढे यायला चीन तयार. हे मान्य करूनही ती तटस्थता मनाला लागते. कारण त्याच जून महिन्यात भारतानं म्यानमारशी डाळींचा करार केला. दरवर्षी अडीच लाख टन उडीद आणि एक लाख टन तूर, २०२१-२२ पासून पाच वर्षं. खरेदी खासगी व्यापाऱ्यांची, पण हमी सरकारची. त्याआधी, १५ मे रोजी, तुरीची आयात खुली झालीच होती.

(दृश्य: यवतमाळ जिल्हा. कापणी झालेलं शेत, धुऱ्यावर तुराट्यांच्या पेंढ्या.)

एक लाख टनानं भाव पडतो असं म्हणणं बरोबर होणार नाही. आफ्रिकेतूनही तूर येते, आणि देशातलं पीकही वर-खाली होतं. पण २०२५च्या सुरुवातीला हमीभाव ७५५० रुपये असताना बाजारात त्याहून कमी दर मिळत होता, तेव्हा आयात खुलीच होती. चार वर्षं हमीभावानं तूर घेऊ, ही घोषणा आपल्या शेतकऱ्यासाठी २०२५च्या अर्थसंकल्पात झाली. रंगूनच्या व्यापाऱ्याला पाच वर्षांची खात्री २०२१मध्येच मिळाली होती.

तिकडच्या शेतकऱ्यावर मात्र राग धरायला जागा नाही. टिळकांच्या तुरुंगवासामुळे आपल्याला मंडाले ठाऊक आहे. त्याच कोरडवाहू पट्ट्यात, मंडाले, मगवे, सगाइंग या भागांत ती तूर पिकते. तिथं ती फारशी खात नाहीत, ती पिकते भारतासाठी. सगाइंग हा लष्कराविरुद्धच्या लढ्याचा गड. ११ एप्रिल २०२३ रोजी तिथल्या पाजिजी गावात जमलेल्या लोकांवर लष्कराच्या विमानांनी बॉम्ब टाकले. दीडशेहून जास्त माणसं गेली, त्यांत लेकरंही होती. आपण खरेदी बंद केली असती, तर आधी मेला असता तो असाच शेतकरी.

म्हणून खरेदी थांबवा असं आम्ही म्हणत नाही. पण पैसा कुठून जातो, हे बघायला हवं होतं. एप्रिल २०२२मध्ये म्यानमारच्या मध्यवर्ती बँकेनं हुकूम काढला, की मिळालेलं परकीय चलन एका दिवसात, डॉलरला १८५० च्यात (म्यानमारचं चलन) या दरानं, बदलून घ्या. बाजारात डॉलर याहून महाग होता. म्हणजे निर्यातदाराचा तोटा, आणि डॉलर लष्कराच्या ताब्यातल्या तिजोरीत. हा नियम पुढे सैल झाला. २०२४पासून रुपयात थेट पैसे देण्याची सोय झाली, ती व्यापार सुकर व्हावा म्हणून. आणि म्यानमारमधल्या मानवी हक्कांवर नजर ठेवणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिवेदकानं मे २०२३मध्ये दिलेल्या अहवालात, २०२१च्या लष्करी बंडानंतर म्यानमारच्या लष्कराला शस्त्रं आणि त्यांचं साहित्य पुरवणाऱ्या देशांत भारताचंही नाव आहे. रक्कम ५ कोटी १० लाख डॉलर.

तूर घ्यायची तर घ्यावी, पण शस्त्रांचं साहित्य द्यायचं नव्हतं, आणि ठरावावर हात वर करायचा होता. डाळींच्या कराराची मुदत २०२५-२६पर्यंतची. पुढचा करार करताना त्याचा मसुदा संसदेत मांडावा, पैसे कोणत्या खात्यात जाणार ते त्यात लिहावं, आणि सही होण्याआधी वाशीम-यवतमाळच्या तूर उत्पादकांना दिल्लीत बोलावून विचारावं.